शंभराच्या आत

रेडिओ दुर्बीण केंद्रात तिला सगळे कानसेन म्हणत. नाव सरांनी ठेवलेलं. बावीस वर्षांची असताना, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, तिनं अडगळीतला एक जुना हेडफोन शोधून काढला, यंत्राला जोडला आणि सबंध दुपार डोळे मिटून खरखर ऐकत बसली. खरं तर तिथे कानानं ऐकायचं काही नसतं. चार मजली घराएवढी तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी असते, तिच्यात पडलेले रेडिओ तरंग संगणकात जातात आणि पडद्यावर नुसत्या रेघा दिसतात. पण हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी सर आले आणि म्हणाले, "काय ऐकलंस?"

"खरखर," ती म्हणाली. "पण दोन जातींची. एक जवळची वाटते, एक लांबची."

सर खो खो हसले. "तानसेन पैशाला पासरी मिळतात. मला कानसेनच हवी होती."

या गोष्टीला सोळा वर्षं झाली होती.

सरांचा विभाग केंद्रात सगळ्यात लहान. दोन टेबलं, एक फळा, आणि खिडकीतून दिसणारी तबकडी. बाकीचे शास्त्रज्ञ तारे, वायूचे ढग, असलं काहीतरी सभ्य काम करत. सर आणि कानसेन आकाशात कोणी बोलतंय का ते बघत. कोणाही शहाण्या जिवानं मुद्दाम बनवलेला एक आवाज, एक सरळ बारीक रेघ, जी ताऱ्यांना आणि ढगांना आपोआप काढता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत लोक विचारत, "काय सर, कोणी ओ दिली का?" सर घास गिळून म्हणत, "देतील. जेवायला बसलेत."

सरांच्या फळ्यावर कायम एकच गणित असे. या घडीला आकाशगंगेत आपल्यासारखे किती जण बोलत असतील याचं. तारे किती, त्यांतल्या कितींना ग्रह, किती ग्रहांवर जीव, किती जिवांना अक्कल, किती अक्कलवाल्यांना रेडिओ. सगळ्यांचा गुणाकार करायचा. आणि अगदी शेवटी एक आकडा राहतो: एवढी अक्कल आल्यावर तो समाज टिकतो किती वर्षं?

"बाकीचे आकडे कळतील हळूहळू," सर म्हणत. "घोडं अडतं ते या शेवटच्यापाशी."

"तुम्ही किती धरता सर?"

"शंभराच्या आत."

हे ते इतक्या सहज सांगत, जसं कोणी आपल्या चपलेचं माप सांगावं. ज्या डोक्यातून रेडिओ निघतो त्याच डोक्यातून बॉम्ब निघतो, दोन्ही एकाच पिढीत. मग उरतात शंभर वर्षं, फार तर. त्यातलीही बरीच आपण वापरून टाकली आहेत. "हजार घरांची इमारत समज," ते सांगत. "प्रत्येक घराची खिडकी सबंध आयुष्यात एकदाच, मिनिटभर उघडते. तू तुझी उघडलीस आणि नेमकं त्याच मिनिटाला समोर कोणी दिसलं, हे होणं शक्य आहे का?"

"मग आपण बघतो कशाला?"

"कोणी दिसलंच, तर त्याचा अर्थ खिडक्या जास्त वेळ उघड्या राहतात. म्हणजे लोक टिकतात. म्हणजे मी गाढव." आणि मग जरा थांबून, "मला गाढव ठरायला आवडेल."

सरांच्या घरी कानसेनचं जाणं-येणं घरच्यासारखं होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागच्या खोलीत काकूंचं शिवणयंत्र. काकू शाळेचे गणवेश शिवत. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, त्यामुळे बोलणं अर्धवट आणि हुंकारांत. सरांना मूल नव्हतं. कानसेननं एकदा नवखेपणी विचारलं होतं, तेव्हा काकूंनी टाचण्या न काढता "नाही झालं" एवढंच म्हटलं होतं. कानसेनचे आईवडील लवकर गेले होते. आजारी पडली की ती सरांच्या घरी जाऊन झोपायची, आणि काकू तिच्या अंगावर शिवणाचं जे काही जाड कापड हाताला लागेल ते घालायच्या. आपण या घराची मुलगी आहोत असं ती कोणाला सांगत नसे, पण मनात धरून चालली होती.

सर निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले. पुढच्या खोलीत पलंग आला, पलंगाशेजारी प्राणवायूचं घुर्रघुर्र करणारं यंत्र आलं. डॉक्टरांनी काकूंना जिन्यात सांगितलं, "महिन्यांची भाषा नको. आठवडे."

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर रेघ आली.

कानसेन तेव्हा एका अगदी मामुली ताऱ्याकडे बघत होती, यादीतला नुसता एक क्रमांक. रेघ सुईसारखी बारीक आणि स्थिर. तिनं तबकडी जराशी बाजूला वळवली. रेघ गेली. परत ताऱ्याकडे आणली. रेघ आली. तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि स्वतःला बजावलं, कोणाचा तरी मोबाइल असेल.

बुधवारी रेघ दोन वाजून सहा मिनिटांनी आली. गुरुवारी दोन वाजून दोन मिनिटांनी. या चार मिनिटांनी तिच्या अंगावर काटा आला. माणसांची यंत्रं माणसांच्या घड्याळानं चालतात. रोज चार मिनिटं आधी उगवतात ते तारे. खाली जमिनीवरची कुठलीही वस्तू उगाच ताऱ्यांचं वेळापत्रक पाळत नाही.

संचालकांनी कागद दोनदा पाहिले आणि दार लावून घेतलं. "नियम माहीत आहे ना? दुसऱ्या केंद्राला हीच रेघ दिसेपर्यंत तोंडाला कुलूप. त्यांना मी आत्ताच कळवतो. तीन-चार दिवस तरी लागतील."

"हो," कानसेन म्हणाली.

हा नियम तिला सरांनीच शिकवला होता. सोळा वर्षांत असल्या बावीस रेघा येऊन गेल्या होत्या. कधी विमान निघालं, कधी उपग्रह, एकदा तर रखवालदाराच्या खोलीतली विजेची शेगडी. पण त्यातली एकही अशी वागली नव्हती. आणि सरांजवळ आठवडे होते. तीन-चार दिवस थांबणं ही तिला त्या संध्याकाळी चैन वाटली. ती कागद पिशवीत घालून सरळ सरांच्या घरी गेली.

सरांनी चष्मा मागितला. कागद छातीवर धरून एकेक पाहिला. मग तोंडी परीक्षा घ्यावी तसे प्रश्न.

"बाजूला वळवून बघितलंस?"

"दर वेळी. जाते."

"वेळ?"

"चार-चार मिनिटं आधी."

"उपग्रह?"

"त्या दिशेला कुठलाच नव्हता. तिन्ही दिवस तपासलं."

सरांनी पहिला कागद पुन्हा वर काढला. प्राणवायूचं यंत्र घुरघुरत राहिलं. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मोठ्यानं हाक मारली. इतका मोठा आवाज त्यांनी महिनाभरात काढला नव्हता. "अगं! अगं, इकडे ये!"

काकू धावत आल्या, ओठांत टाचण्या तशाच.

"टिकतात गं," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "लोक टिकतात. माझं चुकलं. ऐकलंस का? माझं चुकलं होतं."

 काकूंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, गळ्यातल्या टेपला टोचल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. सरांनी त्यांचा हात धरला. कानसेनला वाटलं, रेघेसाठी हे जरा जास्तच होतंय. पण तिथे थांबणं बरं दिसणार नाही एवढं तिला कळलं, आणि ती निघून आली.

शनिवारी ती गेली तेव्हा सर झोपले होते. काकूंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. चहाचं पाणी ठेवलं, साखर घालायची विसरल्या, मग दोनदा घातली.

"तुला वाटलं असेल, हे काय नाटक," काकू म्हणाल्या. "तुला माहीत नाही ते. कोणालाच माहीत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मला दिवस राहावेत असं फार वाटायचं. यांनी एके दिवशी मला समोर बसवलं आणि ते गणित करून दाखवलं. फळ्यावरचं तुमचं ते. म्हणाले, शंभराच्या आत. म्हणजे आपलं मूल म्हातारं होणार नाही. त्याच्या डोळ्यांदेखत सगळं संपेल. जाणूनबुजून त्याला या खाईत कशाला आणायचं?"

"आणि तुम्ही?"

"मी सातवी शिकलेली बाई. ते एवढे मोठे, त्यांनी आकडे मांडलेले. मी काय म्हणणार, तुमचा गुणाकार चुकला? दोन वर्षं रडले. मग कपडे शिवायला लागले." त्यांनी चहा गाळला. "मी यांच्यावर रागावले नाही असं नाही. पण हा माणूस खोटं बोलत नाही हे माहीत होतं. त्यांना खरंच दिसत होतं तसं. माझ्या लेकराला आगीतून वाचवलं, अशी मी मनाची समजूत घातली. चाळीस वर्षं घातली."

कानसेननं चहाचा कप हातात घेतला.

"गुरुवारी तू गेलीस आणि ते म्हणाले, आपण तिला आणायला हवं होतं. 'तिला' असंच म्हणाले. मुलगीच, असं ठरवूनच बसलेत." काकू हसल्या. हसताना त्यांचा चेहरा कानसेननं कधी न पाहिलेला, कोणा पोरसवदा बाईचा झाला. "नाव पण ठेवलं आम्ही. ते नाही सांगणार तुला."

सर जागे झाले. बाहेरून हाक आली. कानसेन पुढच्या खोलीत जाऊन बसली आणि तिच्यासमोर त्या दोघांची जुंपली.

"गणितात हुशार निघाली असती," सर म्हणाले.

"मुळीच नाही. माझ्यावर गेली असती. आकडे दिसले की झोप."

"मग ठेंगणीही झाली असती, तुझ्यासारखी."

"ठेंगणी तर ठेंगणी. कापड कमी लागतं."

सर हसता हसता खोकायला लागले, काकूंनी पाठ चोळली, आणि खोकला थांबल्याथांबल्या दोघं पुन्हा तिच्या शाळेवरून वाद घालायला लागले. ती किती वर्षांची असती, कुठे नोकरीला असती, आईशी पटलं असतं की बापाशी. कानसेन मधे स्टुलावर बसून ऐकत होती. तिला आनंद झाला होता. हे आपण आणून दिलं, असं तिच्या मनात आलं. आणि त्याच्याखाली कुठेतरी, तिनं नीट न बघितलेलं, एक बारीकसं कुसळही रुतलं होतं. या दोघांच्या मुलीबद्दल इतकं बोलणं चाललं होतं, आणि तिच्याकडे कोणी एकदाही बघितलं नव्हतं.

रविवारी सरांनी दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन करून बातमी सांगून टाकली. "मरणाऱ्याला कसले नियम," ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी दुसऱ्या केंद्राचं उत्तर आलं. पाच ओळींचं. तीन दिवस, दोन वेगवेगळ्या दुर्बिणींनी पाहिलं. सांगितलेल्या जागी काहीही आढळलं नाही.

कानसेननं फिटरला बोलावलं. हा फिटर तिच्याही आधीपासून केंद्रात होता. तबकडीचा एकेक बोल्ट त्याला पाठ होता. त्यांनी तबकडी त्या ताऱ्याच्या उंचीला आणली, एक्केचाळीस अंश, आणि दोघं शिडीनं वर चढले. ऊन रणरणत होतं, लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. फिटर जोडणीच्या पेटीमागे वाकून शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"ताई," त्यानं आतूनच हाक मारली. "ही बघा."

तापमान मोजायच्या यंत्राची एक जुनी केबल होती. तिचं वरचं रबर घासून निघालं होतं आणि आतली तांब्याची जाळी उघडी पडली होती. तबकडी या कोनात कलली की केबल सैल होऊन खाली यायची आणि ती जाळी लोखंडी कडेला टेकायची, आणि यंत्राची बारीक गुणगुण तबकडीत शिरायची. कोन जरा बदलला की सुटायची. तारा रोज चार मिनिटं आधी त्या उंचीला येत होता, म्हणून तबकडीही चार मिनिटं आधी तिथे पोचत होती, म्हणून रेघही.

फिटरनं केबल बोटानं उचलली. कानसेननं वॉकीटॉकीवर खालच्या खोलीत विचारलं, "रेघ?"

"गेली."

फिटरनं बोट काढलं.

"आता?"

"आली."

असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा "आली" ऐकल्यावर कानसेन तिथेच तापलेल्या पत्र्यावर बसली. फिटरनं केबल चिकटपट्टीनं बांधली, हात पुसले आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "सरांना सांगणार?"

"त्यांनीच तर शिकवलं."

"खोटं बोला म्हणत नाही मी. पण जाऊच नका ना दोन-चार दिवस. सर्दी झाली म्हणा. त्यांच्याजवळ आता उरलंय किती?"

ती परतीच्या बसमध्ये हाच विचार करत होती. न जाणं सोपं होतं. पण सरांनी ज्यांना फोन केले होते ते संचालकांना विचारणार, संचालक सांगणार, आणि मग एखादा परका माणूस चुकचुकत फोनवर सरांना सांगणार. ते तिला सोसलं नसतं. शिवाय ते विचारतील. आणि त्यांनी विचारल्यावर आपण तोंडावर खोटं बोलू शकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सोळा वर्षांत तिला ती कलाच शिकवली गेली नव्हती.

दार काकूंनी उघडलं. "आज लवकर?" त्या हसून म्हणाल्या. आतून सरांचा आवाज आला. "कानसेन का? पलीकडच्यांचं आलं का काही?"

बसमध्ये जुळवलेलं वाक्य तिला आठवेना.

"आलं सर. त्यांना काही दिसलं नाही."

सरांनी चष्मा घातला. कागद नव्हता, तरी घातला. "किती वेळ बघितलं?"

"तीन दिवस. दोन दुर्बिणींनी."

"आपल्याकडचं तपासलंस?"

"वर चढले होते. तापमानाची केबल सोललीय. एक्केचाळीसला कडेला टेकते."

"उचलून बघितलीस?"

"हो. उचलली की रेघ जाते. तीनदा केलं."

"पाचदा करायला हवं होतं."

"उद्या परत करते सर."

"नको," सर म्हणाले. "तीनदा पुरे आहे." आणि मग, पहिल्या वर्षी तिला ज्या आवाजात शाबासकी देत अगदी त्याच आवाजात, "बरोबर केलंस."

काकू दारात उभ्या होत्या. "म्हणजे काय झालं?"

सरांनी चष्मा काढून उशीशी ठेवला.

"अहो, म्हणजे काय झालं?"

"कोणी नाहीये तिथे," सर म्हणाले. "आपलीच वायर होती."

काकू पुढे आल्या. पलंगाच्या पायाशी उभ्या राहिल्या, गणवेशाचा एक निळा बाह्या नसलेला तुकडा हातात तसाच. "बरं," त्या म्हणाल्या. "मग तुमचं ते शंभर वर्षांचं बरोबरच होतं. असंच ना? म्हणजे आपण केलं ते बरोबर केलं."

सरांनी नुसतं हो म्हणायला हवं होतं. त्या आशेनं काकू त्यांच्याकडे बघत होत्या. कानसेनला ते दिसत होतं, आणि तिनं सरांच्या तोंडाकडे बघत मनातल्या मनात म्हटलं, म्हणा हो. एकदा म्हणा.

"तसंही नाही," सर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "एक रेघ खोटी निघाली, त्यानं काहीच सिद्ध होत नाही. टिकतात असंही नाही. टिकत नाहीत असंही नाही."

"मग?"

"माहीत नाही."

"आत्ता माहीत नाही," काकूंनी विचारलं, "की तेव्हाही नव्हतं?"

सर छताकडे बघत राहिले. काकू वाट बघत होत्या.

"तेव्हाही नव्हतं," सर म्हणाले.

काकू वळून मागच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं शिवणयंत्र सुरू झालं. कानसेन तासभर तिथे बसली होती, तेवढा वेळ ते थांबलं नाही.

सर त्यानंतर नऊ दिवस जगले. त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. काकू त्यांना भरवत, पुसत, चादरी बदलत, औषधं चुकवत नसत, पण त्या घरात शब्द उरला नाही. कानसेन रोज जाऊन बसायची. एकदाच, पाचव्या दिवशी, सर भिंतीशी बोलावं तसं बोलले. "खोटं बोलायला हवं होतं का गं?"

"कोणी सर? तुम्ही की मी?"

त्यांनी चादर खांद्यावर ओढून घेतली.

ते गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि कानसेन केंद्रावर होती. काकूंनी फोन संचालकांच्या कार्यालयात केला. तिला ही बातमी शिपायाकडून कळली.

दीड महिन्यानं ती काकूंकडे गेली. पलंग परत गेला होता, त्याच्या पायांचे चार पांढरे ठसे फरशीवर राहिले होते. काकू गणवेशांचे गठ्ठे बांधत होत्या. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि पाणी आणून दिलं, पाहुण्याला देतात तसं, पेला बशीत ठेवून.

"काकू, माझ्यावर रागावलात?"

काकूंनी सुतळीला गाठ मारली. "खरं सांगितलंस त्याचा राग नाही. तू न सांगतीस तर त्यांनी तुझ्या डोळ्यांत वाचलं असतं. पण आधी कशाला सांगितलंस गं? चार दिवस दम निघाला नाही तुला? तोंडाला कुलूप ठेवलं असतंस, तर मी होते तशी राहिले असते. ते गणित बरोबर आहे असं धरून मी मेले असते."

"मला वाटलं, सरांना निदान..."

"माहीत आहे मला तुला काय वाटलं. तू वाईट नाहीस." त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला. "सगळे मला म्हणायचे, तुम्हाला काय, कानसेन आहे की मुलीसारखी. मी आपली मान हलवायचे. पण मला तसं कधी वाटलं नाही. हे तुला आज सांगते म्हणून वाईट मानू नकोस. तू त्यांची होतीस, त्या दुर्बिणीची. माझी होती ती पाच दिवसच होती. ती तुझ्यासारखी नव्हती. वर बघायची नाही. मोठ्यानं हसायची, भांडायची." काकूंनी गठ्ठा पुरा बांधला. "नाव ठेवून बसले होते गं मी."

कानसेनच्या हातात पेला होता. तो कुठे ठेवायचा ते तिला कळेना. शेवटी तिनं तो रिकामा करून स्वयंपाकघरात नेऊन विसळून ठेवला, जसा ती सोळा वर्षं ठेवत आली होती, आणि निघाली. काकू दारापर्यंत आल्या. "येऊ नकोस असं म्हणत नाही मी," त्या म्हणाल्या. "पण आत्ता नको."

वर्षाअखेरीस सरांचा विभाग बंद झाला. कानसेनला वायूच्या ढगांच्या नकाशांवर बसवलं. तिनं त्या रेघेचा चार पानी अहवाल लिहिला, केबलच्या फोटोसकट, आणि शेवटी सरांचे आभार मानले. संचालकांनी भिडेखातर तिला आठवड्याचे दोन तास दिले, दर गुरुवारी, आकाश ऐकायला. ती ते घेते. फळा तिनं पुसू दिला नाही, पण शेवटच्या आकड्याच्या जागी सरांनी लिहिलेले शंभर तिनं स्वतःच्या हातानं पुसले. तिथे काही लिहिलं नाही. कोणी नवीन मुलं विचारतात, "मॅडम, तुम्ही किती धरता?" ती म्हणते, माहीत नाही. हे ती आता फार जपून म्हणते.

काकू घर सोडून लांब आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या. शिवणयंत्र कोणाला तरी देऊन टाकलं. हे कानसेनला शेजारणीनं सांगितलं, आणि बहिणीचा नंबरही तिनंच दिला. तो नंबर दोन महिने तिच्या पाकिटात होता. मग एका रविवारी तिनं फोन लावला.

बहिणीनं उचलला. कानसेननं आपण कोण ते सांगितलं. बहिणीनं फोनवर हात ठेवला, पण नीट ठेवला नाही. मागे काकूंचा आवाज आला, हळू, पण अगदी स्पष्ट. कानसेनला तो कुठेही ओळखू आला असता.

बहीण परत बोलायला लागली. ती साधी बाई होती, तिला बनाव जमत नव्हता. "ती म्हणते," ती अडखळत म्हणाली, "झोपलेय म्हणून सांग."

सकाळचे साडेदहा वाजले होते.

"बरं," कानसेन म्हणाली. "उठल्या की सांगा त्यांना, फोन आला होता."